आधी मायनस काढा

डायनामो चार्जिंग करतो की नाही, हे पाहण्याची आपल्याकडे एक खात्रीची रीत होती. ट्रॅक्टर चालू ठेवायचा, बॉनेट उघडायचे आणि बॅटरीची एक वायर काढून बाजूला धरायची. हेडलाईट तसाच राहिला तर डायनामो ठणठणीत. दिवा मंदावला किंवा विझला तर डायनामो गेला. ना मीटर लागायचा, ना मिस्त्रीला पैसे. ज्याला ही युक्ती येते तो गावात अर्धा मिस्त्री समजला जाई. मीही तीस वर्षे असाच अर्धा मिस्त्री होतो.

२०२३ च्या दसऱ्याला आम्ही दोघा भावांनी मिळून पंचावन्न हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर घेतला. घरचे वावर काही एवढ्या मोठ्या यंत्राचे नाही; चार लोकांची भाड्याची कामे करायची आणि हप्ता काढायचा, असा हिशोब. २०२४ च्या मृगात पाऊस पडला, वाफसा आला, पेरणीयंत्र जोडले, आणि सकाळी सेल्फ जड फिरला. कसाबसा ट्रॅक्टर चालू झाला. मला वाटले, डायनामो चार्जिंग करत नसणार. बॉनेट उघडले, पाना लावला, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढली.

मीटरवरचे सगळे दिवे एकदा लखकन लागले. मग एकही लागला नाही. इंजिन बंद पडले ते पडलेच. वायर पुन्हा लावली तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही घेत नाही. चौथ्या दिवशी एजन्सीचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. त्याने वायर जोडून पाहिली, दोन फोन केले आणि सांगितले, कंप्युटरचा डबा गेला. नवा यायला आठ-दहा दिवस. वॉरंटीचे विचारले, तर चालू इंजिनवर वायर कोणी काढली, असा उलटा सवाल. काय सांगणार? मीच काढली होती. शेजारीपाजारी सगळे पाहत उभे होते.

त्या वर्षी आमची तूर आणि ज्वारी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने, दुसऱ्याच्या सवडीने पेरली गेली. भाड्याची कामे हातची गेली. पऱ्हाटीच्या पहिल्या दोन वेच्यांचे पैसे त्या डब्यात गेले. स्वतःची फजिती अग्रलेखात सांगायची म्हणजे जिवावर येते. पण त्यानंतर वर्षभरात ज्या ज्या गावी बैठकीला गेलो तिथे हा किस्सा सांगितला की कोणी ना कोणी मान खाली घालून म्हणे, आमच्याकडेही तसेच झाले. कोणाचा डबा गेला, कोणाच्या अल्टरनेटरचे डायोड गेले, कोणाचे डिजिटल मीटर आंधळे झाले. तेव्हा म्हटले, आता लिहिलेच पाहिजे.

जळालेला डबा मी एजन्सीत सोडला नाही. पिशवीत घातला आणि मीरा-भाईंदरला भाच्याकडे गेलो. मीरा-भाईंदर म्हणजे मुंबईच्या उत्तर टोकाला लागून असलेले ठाणे जिल्ह्यातले शहर. कधीकाळी तिथे मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. २००२ साली तिथे महानगरपालिका झाली आणि आता मिठागरांच्या कडेपर्यंत इमारती आल्या आहेत. आपल्या कोरडवाहू जिल्ह्यांतली कितीतरी पोरे त्या इमारतींत आणि त्यांच्या आसपासच्या गॅरेजांत पोट भरतात. माझा भाचा त्यातलाच. चार एकर कोरडवाहूत तीन भाऊ मावेनात म्हणून हा गेला, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावर काशीमिऱ्याला ट्रक-बसगाड्यांची वायरिंगची कामे करता करता पक्का कारागीर झाला.

त्याने डबा उघडला. आत बोटाच्या नखाएवढा एक काळा तुकडा फुटलेला होता आणि त्याच्या मागे पट्टीवर जळका डाग. तो म्हणाला, "मामा, हा पुढचा तुकडा पहारेकरी होता. जास्त दाब आला तर स्वतःवर घ्यायचं हे त्याचं काम. त्यानं घेतला, पण पेलला नाही. तो मेला आणि मागचा घरधनीही मेला."

मग त्याने मला एकामागून एक प्रश्न विचारले. सेल्फ आदल्या दिवशी कसा होता? टर्मिनलवर पांढरे साचले होते का? वायर काढताना ती घट्ट होती की हाताने हलत होती? मी उत्तरे देत गेलो आणि माझे मलाच उमगत गेले. डायनामो चांगला होता. बॅटरीही चांगली होती. टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली होती आणि क्लॅम्प सैल होता, एवढाच काय तो बिघाड. गरम पाणी, चिमूटभर खायचा सोडा आणि एक पाना, एवढ्यात काम झाले असते.

आता हे का होते ते नीट समजून घेऊ. कारण कळल्याशिवाय नियम अंगात मुरत नाही. आपल्या लोकांचे तर मुळीच नाही.

विहिरीवरची मोटर जोरात चालू आहे, पाइपलाईन भरून वाहते आहे, आणि कोणी तरी पुढचा व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद केला तर काय होते? पाण्याला जायला वाट नाही, मागून जोर चालूच. पाइप दणका खातो आणि कुठेतरी सांधा फुटतो. अल्टरनेटरचे तसेच आहे. चालू इंजिनवर तो वीज तयार करत असतो आणि ती बॅटरीत जात असते. बॅटरी म्हणजे वाटेतला हौद. वीज कमी-जास्त झाली तर हौद सांभाळून घेतो. वायर काढली म्हणजे हौद गेला. अल्टरनेटरच्या आत तयार झालेले चुंबकाचे बळ क्षणात नाहीसे होत नाही. रेग्युलेटर त्याला आवरेपर्यंत ते वीज ढकलतच राहते. बारा व्होल्टच्या यंत्रणेत चार्जिंगचा दाब एरवी साधारण १४ व्होल्ट असतो. बॅटरी जोरात चार्ज होत असताना वायर निघाली आणि अल्टरनेटरमध्ये आवर घालणारी सोय नसली, तर हा दाब ८० ते १०० व्होल्टपर्यंत उसळू शकतो. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी घेण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात हेच आकडे धरले आहेत. उसळी टिकते अर्ध्या सेकंदाहूनही कमी. आवर घालणारी सोय असली तरी दाब ३५ व्होल्टच्या आसपास जातोच. डब्याच्या आतले मेंदूचे तुकडे चालतात पाच व्होल्टवर किंवा त्याहून कमी दाबावर. पहारेकरी दरवेळी हरतो असे नाही. भाचाच म्हणाला, दहादा वायर काढली तर नऊदा काही होणारही नाही. पण आपली फसगत तिथेच होते. नऊदा काही झाले नाही म्हणून माणूस दहाव्यांदा काढतो.

जुन्या ट्रॅक्टरने हे सगळे सहन केले, कारण त्याच्यात जळण्यासारखे फारसे नव्हतेच. खरा जुना डायनामो हा तांब्याच्या गुंडाळ्या आणि कार्बनचे ब्रश. डिझेलचा पंप आणि नोझल निव्वळ लोखंडाचे, गिअरवर चालणारे. एकदा इंजिन चालू झाले की विजेचे काम संपले. बॅटरी मेली तर ट्रॅक्टर उतारावर लावायचा, ढकलायचा आणि गिअरमध्ये टाकायचा. पुढे डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. त्यात डायोड असतात आणि ते उलटी जोडणी किंवा अशी उसळी सोसत नाहीत. आपण मात्र त्यालाही डायनामोच म्हणत राहिलो आणि डायनामोसारखेच वागवत राहिलो. त्यानंतर डबा आला. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. हे नियम पाळायचे तर डिझेल केव्हा, किती आणि किती वेळा सोडायचे हे फार बारकाईने ठरवावे लागते. म्हणून या वर्गात कॉमन रेल इंजिन आणि ईसीयू म्हणजे कंप्युटरचा डबा आला. या इंजिनात नोझल विजेच्या हुकमाने उघडते. हुकूम देणारा मेला की इंजिन म्हणजे लोखंडाचा ढीग. ढकलून काही उपयोग नाही.

नवे तंत्र नको म्हणणाऱ्यांपैकी आपण नाही. हा डबा डिझेलचा थेंब न् थेंब मोजतो, धूर कमी करतो, इंजिन तापले तर सांभाळतो. बैल बदलला की कासरा धरायची रीत बदलावी लागते, इतकेच. आणि ज्यांचे ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचे आहेत त्यांनी हे पान उलटू नये. तुमच्याकडे डबा नसेल, पण अल्टरनेटर आहे, त्यात डायोड आहेत, डिजिटल मीटर असेल, कर्ज देणाऱ्याने किंवा तुम्ही स्वतः बसवलेला जीपीएस असेल. पाना त्यांनाही लागतो.

सैल टर्मिनलविषयी थोडे जास्त लिहितो, कारण चालू इंजिनवर वायर काढणारे माझ्यासारखे शहाणे गावात दहा-वीस असतील, पण सैल टर्मिनल घरोघर आहे. क्लॅम्प सैल असला आणि ट्रॅक्टर ढेकळांतून उड्या मारत चालला, तर दर हिसक्याला क्षणभर वायर सुटते आणि पुन्हा लागते. म्हणजे जे मी एकदा केले ते हा ट्रॅक्टर दिवसातून शंभरदा आपोआप करतो. उसळ्या लहान असतील, पण त्या येतच राहतात. बॅटरी दाबून धरणारी पट्टी बहुतेक ट्रॅक्टरांवरून पहिल्या दोन वर्षांत नाहीशी होते आणि तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची चिंधी येते. चिंधीने बॅटरी हलायची थांबत नाही. हलणारी बॅटरी टर्मिनल सैल करते आणि आतल्या प्लेटाही खिळखिळ्या करते.

क्लॅम्प बसत नाही म्हणून दगडाने ठोकणे ही आपली दुसरी रीत. बॅटरीची खुंटी शिशाची असते आणि शिसे मऊ. ठोकले की खुंटी आतून सुटते, वरून दिसत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: नेहमीच्या गोल खुंट्यांच्या बॅटरीत प्लसची खुंटी मायनसपेक्षा थोडी जाड असते. कारखान्याने मुद्दाम तसे केले आहे, उलटे लागू नये म्हणून. मायनसचा क्लॅम्प प्लसवर जात नसेल तर तो स्क्रू ड्रायव्हरने फाकवू नका. आपण उलटे लावतो आहोत, असे तो क्लॅम्प तुम्हाला सांगत असतो.

भाच्याने आठवण करून दिलेली गोष्ट म्हणजे नव्या बॅटरीची ठेवण. एकाच मापाच्या, एकाच अँपिअरच्या बॅटऱ्यांत प्लस कधी डावीकडे, कधी उजवीकडे असतो. दुकानदार घाईत जी हाताला लागेल ती देतो. घरी आणून बसवली की वायरी उलट्या बाजूला, आखूड पडतात. मग ओढाताण, मग चूक. उलटी वायर एक क्षण जरी लागली तरी अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. फ्यूज जळला आणि तेवढ्यावर भागले तर नशीब. जुनी बॅटरी काढायच्या आधी तिच्या प्लसच्या वायरला लाल चिंधी बांधा आणि दुकानात जुनी बॅटरी सोबत न्या. दाब तोच, अँपिअर पुस्तकात दिले तेवढेच, प्लसची बाजू तीच. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या, उद्या या म्हटले तर ऐकू नका.

आता काढण्याचा क्रम. इंजिन बंद करा, चावी काढा, दिवे बंद आहेत ना बघा. मग पाच मिनिटे थांबा, चहा घ्या. चावी काढल्याबरोबर डबा झोपत नाही. दिवसभराचा हिशोब लिहून मगच झोपतो. धुराड्यात युरियाचे पाणी सोडणारी यंत्रणा ज्यांच्यात आहे, त्यांच्यात पंप नळी रिकामी करायलाही थोडा वेळ चालतो. किती थांबायचे ते पुस्तकात दिलेले असते. जास्त दिले असेल तर जास्त थांबा. कट-ऑफ स्विच बसवला असेल तर त्यालाही हाच नियम: चालू इंजिनवर तो कधीच पाडायचा नाही.

मग आधी मायनस. याचे कारण सोपे आहे. मायनसची वायर ट्रॅक्टरच्या अंगाला, म्हणजे लोखंडाला जोडलेली असते. तुम्ही आधी प्लस सोडायला गेलात आणि पान्याचे दुसरे टोक बॉनेटला किंवा पत्र्याला टेकले, तर प्लस आणि मायनस त्या पान्यातून थेट भेटतात. शेकडो अँपिअर त्यातून धावतात, पाना लाल होतो, ठिणग्या उडतात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो आसपास साचलेला असला तर बॅटरी फुटते आणि तेजाब तोंडावर येते. आधी मायनस काढला तर पाना पत्र्याला शंभरदा टेकला तरी काही होत नाही, कारण ट्रॅक्टरचे अंग बॅटरीपासून तुटलेले असते. लावताना बरोबर उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प एकदाच पूर्ण बसवा. लावतो, उचलतो, पुन्हा लावतो असा खेळ नको. फार जुन्या काही विलायती यंत्रांत प्लस अंगाला जोडलेला असे. कोणाच्या गोठ्यात तसे म्हातारे यंत्र असेल तर अंगाला जाणारी वायर कोणती ते बघा आणि ती आधी काढा. आणि त्या वेळी तोंडात बिडी नको, हे सांगायची वेळ येऊ नये. पण येते.

वेल्डिंगने किती डबे जातात याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण भाच्याच्या टेबलावर पडलेल्या डब्यांतले निम्मे वेल्डिंगचे होते. ट्रॉलीचा हूक तुटला, पत्रा उघडला, की आपण ट्रॅक्टर जसाच्या तसा वेल्डिंगच्या दुकानापुढे उभा करतो. वेल्डर अर्थिंगचा चिमटा हाताला येईल तिथे लावतो, बहुतेक वेळा पुढच्या बंपरला. काम मागे, चिमटा पुढे; मग वेल्डिंगचा प्रवाह सगळ्या ट्रॅक्टरमधून वाट काढत जातो, आणि वाटेत सेन्सरची बारीक वायर आली तर तिच्यातूनही जातो. ट्रॉलीचे काम असेल तर खिळा काढून ट्रॉली वेगळी करा, तिच्या दिव्यांचा प्लगही काढा. ट्रॅक्टरचेच काम असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, जमत असेल तर डब्याचा प्लग काढून घ्या, आणि चिमटा जिथे जोड मारायचा त्याच्या वीतभर अंतरावर लावा. वेल्डर कुरकुर करील. करू द्या.

दुसऱ्याच्या बॅटरीवरून चालू करणे. रस्त्यात ट्रकवाला भेटला, भला माणूस, केबल काढून देतो. पण मोठ्या ट्रकला बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे २४ व्होल्ट. आपला ट्रॅक्टर बाराचा. त्याच्या भलेपणाने तुमचा डबा जातो. दुसऱ्या बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरवरून घ्यायचेच असेल तर प्लसला प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस, आणि शेवटचे टोक मेलेल्या बॅटरीला न लावता ट्रॅक्टरच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रम. माझे मत विचाराल तर बॅटरी काढून चार्जिंगवाल्याकडे न्यावी हे उत्तम. चार तास जातील, आठ दिवस जाणार नाहीत. घरी चार्जर असला तरी तो लावण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी ट्रॅक्टरवरून सोडा. झटपट चार्जिंगचा दाब डब्याला दाखवू नका.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांना वेगळे सांगायला हवे. ज्या पाण्याने पीक करपते, ते पाणी बॅटरीत घालून प्लेटा कशा टिकतील? गोडे पाणीही नको, जारचे थंड पाणीही नको. पेट्रोलपंपावर मिळणारे डिस्टिल वॉटरच. तेही प्लेटा झाकून थोडे वर येईल एवढेच. पातळी उतरली म्हणून तेजाब घालू नका; उडते ते पाणी, तेजाब आतच राहते. टर्मिनलवरची भुकटी धुताना झाकणे घट्ट आहेत ना पाहा, सोड्याचे पाणी आत गेले तर नवीन दुखणे. कोरडे करा, क्लॅम्प घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा.

आणखी एक आपल्याच शेतीचे दुखणे. पऱ्हाटी उगवून आली की डवरणी बैलाने होते आणि ट्रॅक्टर कडुनिंबाखाली उभा राहतो, तो पार पोळा-दसऱ्यापर्यंत. जुना ट्रॅक्टर उभा राहिला तरी बॅटरी फारशी उतरत नसे. नव्यात डबा, घड्याळ, जीपीएस हे सगळे झोपेतही थोडे थोडे पीत असतात. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवर कडक पापुद्रा धरतो आणि मग ती चार्जच घेत नाही. महिनाभर उभा ठेवायचा तर मायनस काढून ठेवा. घड्याळाची वेळ जाईल. जाऊ द्या, आपण कुठे लोकलने जातो?

मीरा-भाईंदरला असताना भाच्याने मला एका रविवारी उत्तनला नेले. उत्तन हे त्याच महापालिकेतले समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव. एका बोटीवरच्या वायरिंगचे काम होते. वायरलेस, जीपीएस, सगळे बॅटरीवर. खाऱ्या वाऱ्याने तिथले टर्मिनल आपल्यापेक्षा किती तरी लवकर खराब होते. बोटीचा म्हातारा मालक आमच्याशी बोलता बोलता वाकला आणि दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहिले. मी विचारले, आताच तर यानं घट्ट केलं ना? म्हातारा म्हणाला, "समुद्रात गॅरेज कुठं आहे?" मृगाच्या वाफशात आपल्यालाही गॅरेज कुठे असते?

आता थोडे एजन्सीवाल्यांकडे वळू. चूक माझी होती, हे मी वर कबूल केले आहे. पण ट्रॅक्टर देताना पेढे देतात, हार घालतात, फोटो काढतात. चालू इंजिनवर वायर काढू नका हे एक वाक्य मला कोणी सांगितले नाही. पुस्तकात ते होते. डबा जळल्यावर मी पुस्तक उघडले तेव्हा सापडले, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. ज्या मीरा रोडला जुलै २०२५ मध्ये मराठीसाठी मोर्चा निघाला आणि राज्यभर गाजला, तिथेच माझा भाचा इंग्रजी पुस्तकांची पाने फोनवर चाळत ट्रॅक्टरचे डबे दुरुस्त करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आनंदच आहे. पण ज्या दिवशी लाखो रुपयांच्या यंत्राचे पुस्तक मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह मिळेल त्या दिवशी वावरातल्या माणसाला त्या दर्जाचा उपयोग झाला असे मी म्हणेन. काही कंपन्या मराठीत पुस्तक देतात. मग मागितल्याशिवाय ते कपाटातून बाहेर का येत नाही?

आणि प्रश्न पुस्तकावर संपत नाही. एजन्सीच्या पोराच्या लॅपटॉपमध्ये जे होते ते काशीमिऱ्याच्या कारागिराकडे नाही, तालुक्याच्या मिस्त्रीकडे तर नाहीच. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या वस्तू आधी घ्यायच्या ठरल्या त्यांत शेतीची यंत्रे होती. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टलही निघाले. पोर्टलने डबा उघडत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या कंपन्यांना दुरुस्तीची माहिती आणि साधने शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला देणे भाग पाडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रश्नावर जॉन डिअर कंपनीला कोर्टात खेचले. हजारो एकरांचे धनी असलेले तिथले शेतकरी जर या डब्यापुढे हात टेकतात, तर चार एकरवाल्याने गप्प का बसावे? यंत्र आपण विकत घेतले. त्याचे कुलूप उघडण्याची किल्ली मात्र विकणाऱ्याच्या खिशात राहिली. हप्ते मात्र आपलेच.

मागणी साधी आहे. ट्रॅक्टर देताना मराठी पुस्तक हातात द्या. बॅटरीच्या झाकणाजवळ, दिसेल अशा जागी, काढण्या-लावण्याचा क्रम मराठीत चिकटवा. आणि बिघाडाचा क्रमांक वाचण्याचे साधन योग्य किमतीत तालुक्याच्या मिस्त्रीला विकत मिळू द्या. जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव येईल.

जुन्या बॅटरीचे राहिलेच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानात परत द्या, किंमत वळती करून घ्या, पावती घ्या. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला दिली तर तो तेजाब नाल्यात ओततो आणि शिसे चुलीवर वितळवतो. त्याच नाल्यावर आपली जनावरे पाणी पितात.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपापल्या ट्रॅक्टरचे पुस्तक आणावे, कोणत्याही भाषेतले असो. पुस्तक नसेल तर नाही म्हणून नोंद करू, तीही कामाची आहे. दुपारच्या भाकरीनंतर मंडपाबाहेर माझा ट्रॅक्टर उभा असेल, नव्या डब्याचा. भाचा काशीमिऱ्याहून येणार आहे. बॅटरी काढून, टर्मिनल धुऊन, पुन्हा लावून दाखवील. जळका डबाही टेबलावर ठेवू. दहाचा आणि तेराचा पाना ज्याचा त्याने आणावा. मागच्या बैठकीत माझे दोन पाने गेले ते अजून परत आलेले नाहीत.